धर्मावर संशोधन म्हणजे नेमकं काय करता? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत समाजशास्त्र शिकवते आणि धर्म हा माझा अभ्यासविषय आहे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, कुठेही हे तोंडातून निघालं की पुढचा अर्धा तास ठरलेला असतो. एम.ए.ला नव्याने आलेली मुलंही हेच प्रश्न विचारतात, फक्त जरा चाचरत. म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्नांच्या क्रमात फार अर्थ शोधू नका.

तुम्ही स्वतः देव मानता का?

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. मानते म्हटलं तर काही मित्रांना वाटतं, हिचं संशोधन म्हणजे भक्तीच. नाही म्हटलं तर ज्या मंडळात मला वर्षभर जाऊन बसायचंय, तिथला अध्यक्ष तोंड फिरवतो. त्यामुळे मी हसून विषय बदलते. तसंही माझ्या कामाला या उत्तराची गरज पडत नाही. देव आहे की नाही हे ठरवायची साधनं समाजशास्त्राकडे नाहीतच. मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभी असलेली बाई मात्र समोर असते. ती विरारहून पहिल्या लोकलने आलेली असते, चपला कुठे सोडायच्या ते तिला पाठ असतं, आणि मध्येच घुसणाऱ्यांपैकी कोणाला घ्यायचं आणि कोणाला हाकलायचं याचे तिचे स्वतःचे नियम असतात. माझं काम तिच्यापासून सुरू होतं.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मोदकाला माझ्या हातून कळ्या पडत नाहीत. माझ्या श्रद्धेबद्दल सांगण्यासारखं यापलीकडे काही नाही.

मग शास्त्रीबुवांच्या अभ्यासात आणि तुमच्या अभ्यासात फरक काय?

एकादशीला काय खावं ते शास्त्रीबुवा सांगतात. लोक काय खातात आणि ते चालतं असं कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून झालं, ते आम्ही शोधतो. उपासाचंच ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, मिरची आणि शेंगदाणाही तिकडचेच. पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असणं शक्य नाही. आज तीच खिचडी उपासाची खूण आहे आणि त्यात हळद पडली तर सासूबाईंचा उपास मोडतो. हे कसं घडलं, हा आमच्या धाटणीचा प्रश्न.

दोन्ही वाटांनी चाललेला एक मुंबईकर होऊन गेला. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत लिहिला. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. शास्त्र त्यांना मुखोद्गत होतं, पण हे वचन कोणत्या शतकातलं, त्याआधीच्या ग्रंथात ते का सापडत नाही, असं विचारत ते पुढे जातात. सनातनी आणि सुधारक दोघेही त्यांच्या खंडांतून आपापल्या सोयीचं वाक्य उचलतात. लेखकाला यापेक्षा मोठी पावती काय हवी, असं मला कधीकधी वाटतं.

धर्माची तुमची व्याख्या काय?

इथे जरा बसा, कारण हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही.

मराठीत ‘धर्म’ हा शब्द फार मोठं गाठोडं आहे. शेजारधर्म आहे, धर्मशाळा आहे, धर्मादाय दवाखाना आहे, आणि नांगी मारणं हा विंचवाचा धर्म आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांत ज्याचा अभ्यास होतो तो या गाठोड्यातला एकच कोपरा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १९१२ साली धर्माची जी मांडणी केली तिच्यात देव असायलाच हवा अशी अट नव्हती. काही गोष्टी पवित्र मानून बाजूला काढणं आणि त्यांच्याभोवती लोकांचा एक समुदाय बांधला जाणं, यावर त्यांचा भर होता. मॅक्स वेबर यांना ओढ होती ती श्रद्धेचा माणसाच्या कामधंद्याशी आणि पैशाशी काय संबंध लागतो याची. दोघांचीही मांडणी आपल्याकडे आणली की कुठेतरी घट्ट होते, कुठेतरी सैल पडते.

मुंबईत या व्याख्येवरून लोक कोर्टात गेलेत. मला वर्गात शिकवायला सगळ्यात जास्त आवडतात ते हेच खटले. १८६२ साली वैष्णव संप्रदायाच्या एका महाराजांनी ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांच्यावर बदनामीचा दावा लावला. महाराजांच्या वर्तनावर करसनदासांनी जे लिहिलं होतं त्याला आधार म्हणून डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीही साक्ष दिली. धर्मगुरूंच्या आजारपणाची माहिती भर कोर्टात उघड करणारा तो डॉक्टर म्हणजे त्या काळात केवढी खळबळ असेल. महाराज हरले. १८६६ साली खोजा समाजाचं प्रकरण आलं. हे लोक सुन्नी की शिया, आणि त्यांचे इमाम म्हणवणाऱ्या आगाखानांचा त्यांच्यावर हक्क किती? न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्यासमोर समाजाचे जुने ग्रंथ वाचले गेले. त्यात विष्णूचे दशावतार येतात आणि दहाव्या अवताराच्या जागी हजरत अली येतात. कोर्टाने निकाल दिला की खोजा हे शिया इमामी इस्माइली आहेत. पिढ्यानपिढ्या दोन्हीकडचं घेऊन चाललेल्या माणसांना त्या दिवशी एक पाटी मिळाली.

तिसरा खटला पारशांचा, १९०८ सालचा. झरथुष्ट्री धर्म स्वीकारलेली परकी बाई पारशी होते का? न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी धर्म आणि जमात वेगळी काढली. धर्मात बाहेरच्याला प्रवेश असला तरी पारशी असणं जन्माने, बापाकडून येतं, अशा अर्थाचा तो निकाल होता. डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, कोणाला जागा मिळेल हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला होता, त्यामुळे ही नुसती शब्दांची कसरत नव्हती.

तर माझी व्याख्या काय? दर वर्षी बदलते. विद्यार्थ्यांना मी सांगते की व्याख्या पहिल्या प्रकरणात लिहा, पण पेन्सिलने.

यासाठी मुंबईच का? पंढरपूरला किंवा काशीला जायला हवं ना?

जरूर जा. पण माहीमला उतरून एकदा चालत जा. बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, उभ्या असलेल्या गर्दीत कपाळाला कुंकू लावलेल्या किती बायका आहेत ते मोजा. जवळच मखदूम अली माहिमींचा दर्गा. त्यांच्या उत्सवात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते आणि बँडसकट मिरवणूक निघते. शितळादेवीचं देऊळही तिथेच. मराठीत रोगाचं नावच ‘देवी’. अंगावर देवी आल्या म्हणजे ती घरात आली, तिला थंड करायचं, फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला तरी देऊळ चालू आहे. आता तिथे लोक काय मागतात? माझ्या एका विद्यार्थिनीने याच एका प्रश्नावर अख्खा प्रबंध केला.

गिरगावात खोताच्या वाडीत किंवा वांद्र्याच्या गल्ल्यांत कोपऱ्यावर क्रूस दिसतात. शहरात असे क्रूस जागोजाग आहेत आणि त्यातले बरेच १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीतले. साथ टळावी म्हणून वस्तीने उभारलेले. माहीमची देवी आणि गिरगावचा क्रूस एका वहीत शेजारी शेजारी लिहिले की धर्मांची नावं जरा वेळ मागे सरकतात आणि साथीला घाबरलेलं शहर दिसायला लागतं.

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला डोंगर चढताना दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंच्या टोपल्या असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. हात, डोळे, घर, आणि परदेशी जायचं असेल तर विमानही. एका विकणाऱ्या बाईंना मी विचारलं, यंदा काय खपतंय? त्या म्हणाल्या, ‘‘घर. दर वर्षी घरच.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण लोक लहानच घेतात, वन बीएचके.’’ सर्वेक्षणाच्या चाळीस पानी प्रश्नावलीतून मला मुंबईबद्दल एवढं कधी कळलं नव्हतं.

फील्डवर्क म्हणजे प्रत्यक्षात काय करता? नुसतं बसून बघता?

बराच वेळ, हो.

मी दोन वर्षं लोकलमधल्या भजनी मंडळांवर काम केलं. बदलापूरहून सुटणारी सकाळची फास्ट. डब्यात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे विठोबाची तसबीर खिडकीच्या वरच्या दांडीला बांधायची, तिला छोटा हार घालायचा. टाळ एकाच्या बॅगेत असतात. तो रजेवर असला की टाळ नाहीत, मग पत्र्यावर हात. नव्या माणसाला टाळ मिळायला साधारण तीन महिने लागतात आणि गायला मिळायला त्याहून जास्त. मला दोन्ही मिळालं नाही. फोर्थ सीट मिळाली, तीही कल्याणनंतर कोणी उतरलं तर.

पहिले काही आठवडे मी अभंगांचे शब्द टिपत होते. ते वाया गेले नाहीत, पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती कळायला मला उशीर झाला. भजनाचा क्रम वेळापत्रकाला बांधलेला होता. रूपाचा अभंग गाडी सुटताच. डोंबिवलीला गर्दी आत येते तेव्हा जोरकस चाल, कारण तेव्हा कोणाला काही ऐकू येत नसतं. ठाण्यानंतर गौळण. घाटकोपर गेलं की सूर भैरवीकडे वळतो, कारण दादरला निम्मं मंडळ उतरतं आणि भैरवीविना उतरायचं नाही. एक दिवस कुर्ला आणि दादरच्या मध्ये सिग्नलला गाडी वीस मिनिटं उभी राहिली. भैरवी झालेली, आता काय? भैरवीनंतर गायचं नसतं. सगळे गप्प बसले. मग एका काकांनी कंट्रोल रूमला शिव्या घातल्या आणि सगळे हसले. तेवढ्यावर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं आहे: वारकऱ्यांच्या वेळेवर मध्य रेल्वेची वेळ बसते तेव्हा काय होतं.

याला आम्ही सहभागी निरीक्षण म्हणतो. घरी गेल्यावर त्याच रात्री सगळं लिहायचं, हा पहिला नियम. उद्यावर टाकलं की आठवण नीटनेटकी होते आणि नीटनेटकी आठवण काही कामाची नसते.

आणि हो, त्याच डब्यात झोप मोडते म्हणून वैतागलेले प्रवासीही होते. त्यांच्याशी बोलणं हेही फील्डवर्कच. ते मी पहिल्या वर्षी विसरले होते. गाईडने लाल पेनाने लिहिलं, ‘‘बाकीचा डबा कुठे आहे?’’

जनगणनेचे आकडे असताना एवढी खटपट कशाला?

आकडे लागतातच. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह दीक्षा घेतली, त्याचा हा आकड्यांतला ठसा. त्याच जनगणनेत देशभरात पारशी होते ५७,२६४.

पण जनगणनेच्या अर्जात सहा धर्मांचे रकाने असतात. उरलेले सगळे ‘इतर’. आरे कॉलनीतल्या पाड्यावरचा वारली माणूस वाघोबाला शेंदूर लावतो, वाघबारशीला कोंबडं देतो, शेजारच्या गणपतीलाही जातो. त्याचं उत्तर बहुतेकदा प्रगणकच लिहून टाकतो. वाघोबाकडे आता बिबट्यांचा अभ्यास करणारेही वळलेत, कारण ज्याला देव मानलं त्या जनावरासोबत माणूस कसा राहतो हे त्यांना हवंय. रकान्यात हे कुठे भरणार?

सर्वेक्षणाचंही असंच. प्यू या अमेरिकी संस्थेने २०२१ साली भारतातल्या धर्माबद्दल मोठा अहवाल काढला. १७ भाषांत जवळपास ३०,००० लोकांना समोर बसून विचारलं होतं. जवळजवळ सगळे जण देव मानतात असं निघालं, पण बौद्धांपैकी एक तृतीयांश म्हणाले, देव मानत नाही. हा आकडा पाहून एका परदेशी सहकाऱ्याला वाटलं की यांची श्रद्धा कमी होत चाललीय. त्याला मी आंबेडकरांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवल्या. ब्रह्मा, विष्णू, महेशाला देव मानणार नाही, या शपथेने ज्यांचा धर्म सुरू होतो त्यांच्याकडून ‘नाही’ हे उत्तर धर्म पाळल्याचं आहे.

जुनी कागदपत्रं कुठे मिळतात?

फोर्टात. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, जिची सुरुवात १८०४ची. पायऱ्या मोजू नका, नुसत्या चढा. सेंट झेवियर्समधली हेरास इन्स्टिट्यूट, पारशी आणि इराणी विषयांसाठी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट, आणि मराठीसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९८.

विद्यार्थी ज्याकडे वळत नाहीत ती जागा म्हणजे वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानांचे कागद तिथे असतात: घटना, विश्वस्तांतले बदल, हिशेब. कोणत्या साली कोणत्या भावाने कोणत्या भावाला विश्वस्तपदावरून काढलं, हे वाचताना कादंबरी बाजूला ठेवाल. अर्ज, शिक्के आणि ‘‘उद्या या’’ यांची तयारी ठेवा.

परंपरा फारशी जुनी नाही असं तुम्ही सांगता तेव्हा लोक चिडत नाहीत?

चिडतात, पण वाटतं तेवढे नाही. नवरात्रातले नऊ रंग घ्या. लेडीज डब्यात त्या नऊ दिवसांत एका रंगाचा समुद्र असतो. हे गेल्या वीसेक वर्षांतलं आहे आणि ते पसरवण्यात मराठी वर्तमानपत्राचा हात मोठा. हे मी एकदा डब्यातच सांगितलं. एक ताई म्हणाल्या, ‘‘माहितीय की. पण त्याआधी ऑफिसात आम्हाला कोणी विचारत होतं का नवरात्र आहे म्हणून?’’ इतिहासकार एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली ‘घडवलेल्या परंपरां’ची कल्पना मांडली तेव्हा त्यात उघडं पाडण्याचा सूर होता. ताईंच्या बोलण्यानंतर मला तो सूर अपुरा वाटतो. जुनी नाही हे कळल्यावरही लोक ती पाळतात. का, ते त्यांना विचारावं लागतं.

सार्वजनिक गणपतीही १८९३पासूनचा. गिरगावातली केशवजी नाईक चाळ त्यातली मुंबईतली पहिली. लालबागचा राजा १९३४चा. म्हणून लालबागला कोणी कमी गर्दी करत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आणि तुमचं काम एकच का?

नाही. ते लोक चळवळ करतात, आणि त्यासाठी त्यांनी किंमत मोजलीय. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. आमचं काम समजून घेण्याचं. पण समजून घेण्याच्या नावाखाली हात झटकता येत नाहीत. अंगात येणाऱ्या बाईशी मी तासन् तास बोलले आहे, घुमताना तिला घरात जो अधिकार मिळतो तो एरवी मिळत नाही हे मी लिहिलंही आहे. पण त्याच ठिकाणी कोणा पोरीला चटके देणार असतील तर मी वही मिटून फोन लावीन. यावर विद्यार्थ्यांशी माझे वाद होतात. काही जण म्हणतात संशोधकाने हस्तक्षेप करू नये. त्यांना मी फारसं ऐकून घेत नाही.

कोणाच्या भावना दुखावल्या तर? केस होत नाही?

होऊ शकते. जाणूनबुजून, वाईट हेतूने धर्मभावना दुखावण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे, जुन्या दंड संहितेतलं २९५अ. प्रामाणिक अभ्यासात असा हेतू नसतो, पण प्रामाणिक अभ्यासालाही पोलीस स्टेशनच्या बाकावर बसावं लागू शकतं. त्यामुळे मराठीत लिहिताना मी जास्त सांभाळून लिहिते. इंग्रजी लेख मंडळात कोणी वाचत नाही, हे लाजिरवाणं असलं तरी खरं आहे.

मला मात्र जास्त काळजी वेगळ्या दुखण्याची वाटते. माझ्या हातून एकदा चूक झाली. भजनी मंडळातले एक गृहस्थ मुलाच्या आजारपणात दर्ग्याला नवस बोलले होते. मला त्यांनी विश्वासाने सांगितलं. लेखात मी त्यांचं नाव बदललं, गाव बदललं आणि समजले की झालं. पण ‘डावखुरे, ढोलकी वाजवतात’ हे तसंच राहिलं. त्या गाडीत डावखुरा ढोलकीवाला एकच. लेखाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. कोणी त्यांना उघड काही बोललं नाही. पण चार महिने ते पुढच्या डब्यात बसायचे. मी माफी मागायला गेले तेव्हा म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही लिहिलं ते खोटं नव्हतं ना, मग सोडा.’’ मला ते सोडता आलेलं नाही. आता छापण्याआधी मजकूर त्या माणसाला वाचून दाखवते आणि कोणता तपशील काढायचा ते त्याला ठरवू देते.

बाई म्हणून अडचणी येतात?

येतात, आणि सोयीही होतात. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, मशिदीच्या बायकांच्या खोलीत पुरुष सहकाऱ्याला शिरकाव नाही, मला आहे. उलट गाभारे बंद. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्यावं असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. तो खटला लढवणाऱ्या मुस्लिम बायकाच होत्या, हे आठवण म्हणून.

पाळीचा प्रश्न लोक विचारतात तेव्हा काय सांगावं? मी सांगत नाही. कोणी विचारलं तर तो प्रश्नच वहीत टिपते: कोणी विचारला, कुठे, कोणासमोर.

मराठी माणसांनी यात काय काम केलंय? कुठून वाचायला सुरुवात करू?

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९चा. मालवणचे गो. स. घुर्ये १९२४पासून तिथे प्रमुख. साधूंवर त्यांनी पुस्तक लिहिलं, पण स्वतः फारसे मठांतून हिंडणारे नव्हते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गवरच्या अभ्यासातून ‘संस्कृतीकरण’ (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं) हा शब्द रूढ केला. दुसऱ्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. त्या पंढरपूरला दिंडीबरोबर चालत गेल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका वेगळ्या शिजवतात, वेगळ्या जेवतात हे त्यांनी नुसतं टिपलं नाही, मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन बसल्या. अभंगातली समता आणि चुलीवरची विषमता दोन्ही त्यांच्या लेखात एकाच मुक्कामाला उतरतात. सुरुवात इथूनच करा.

मग दा. ध. कोसंबी. गणिती माणूस, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून त्यांनी दाखवलं की दगडी हत्यारं जिथे सापडतात त्या जुन्या वाटांवरच आईदेवतांची ठाणी आहेत. आणि रा. चिं. ढेरे. १९८४च्या त्यांच्या विठ्ठलावरच्या ग्रंथाने गवळी-धनगरांच्या देवाचा मागोवा घेतला. १९८७ साली त्याला साहित्य अकादमी मिळालं. ढेऱ्यांना वाचताना पेन्सिल आणि वेळ दोन्ही लागतात.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात लागणारे पुस्तकांचे स्टॉल सोडू नका. जे प्राध्यापकांच्या यादीत नसतं ते तिथे मिळतं, वीस-तीस रुपयांच्या पुस्तिकांत.

पीएच.डी. करायची असेल तर?

समाजशास्त्र, इतिहास, पाली, तत्त्वज्ञान, यांपैकी कोणत्याही विभागातून धर्मावर काम होतं. मुंबई विद्यापीठ आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, विद्याविहारला सोमय्या आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही शिष्यवृत्त्या आहेत. पैसे वेळेवर येतीलच असं धरून खोली भाड्याने घेऊ नका.

विषय लहान निवडा. ‘हिंदू धर्म आणि आधुनिकता’ असा सिनॉप्सिस आणला की मी परत पाठवते. ‘अमुक स्टेशनबाहेरच्या देवळातली गुरुवारची रांग’ आणा, बोलू.

नोकरी लागते का?

कमी.

आमच्या देवळात, मशिदीत एखादी मुलगी वही घेऊन आली आणि मुलाखत मागितली, तर नाही म्हणता येतं का?

येतं. कारण द्यावं लागत नाही. अर्ध्यावर थांबवता येतं, आणि काल सांगितलेलं आज परत घेता येतं. तिने आधी स्वतःचं नाव, संस्थेचं नाव आणि गाईडचा फोन द्यायला हवा. रेकॉर्डर चालू करण्याआधी विचारायला हवं. संमतीपत्र मराठीत किंवा तुमच्या भाषेत हवं, इंग्रजीत असेल तर सही करू नका. फोटोची परवानगी वेगळी.

आणि बसायला सांगितलंत तर चहा विचारा. सकाळपासून बहुतेक काही खाल्लेलं नसतं.